जंतूच्या पोटातील निरोप्या

साखरेच्या खड्याकडे मुंगी वळली, तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. मुंगीला शृंगिका आहेत, सहा पाय आहेत आणि मोहरीच्या कणाहून लहान का होईना, पण मेंदू आहे. परंतु ज्याला डोळा नाही, नाक नाही, मज्जातंतूचा एक धागाही नाही, अशा एकपेशीय जंतूने साखरेचा माग काढीत जावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात हे प्रत्यक्ष दाखविले होते. मांसाचा अर्क भरलेली केसासारखी बारीक काचनळी त्याने जंतूंच्या पाण्यात ठेवली, आणि थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी जंतूंची दाटी झाली. या वर्तनाला रसायनानुचलन असे भारदस्त नाव मिळाले. पण नाव मिळाले म्हणजे उलगडा झाला असे नव्हे. फेफरनंतर जवळजवळ ऐंशी वर्षे हा प्रश्न अडगळीत पडून राहिला.

त्यावरची धूळ झटकली ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ज्यूलियस अ‍ॅडलर यांनी, १९६० नंतरच्या दशकात. माणसाच्या आतड्यात सुखाने राहणारा एश्चेरिशिया कोलाय हा जंतू त्यांनी हाती घेतला. साखर खाता येते म्हणून जंतू तिच्याकडे जातो काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. गॅलॅक्टोज नावाची साखर ज्यांना मुळीच पचत नाही असे जंतू त्यांनी निवडले. तेही गॅलॅक्टोजकडे धावलेच. याचा अर्थ सरळ होता. जंतू साखर खाऊन मग शहाणा होत नाही. तो तिची चव घेतो. त्याच्या अंगावर चव ओळखणारी प्रथिने आहेत.

चव कळली, तरी वळावे कसे? हा जंतू लांबीने मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतका. एवढ्या लहान देहाला पाणी हे पाण्यासारखे वाटत नाही. माणसाला काकवीच्या हौदात वाटेल, त्याहूनही ते त्याला घट्ट वाटते. पोहण्याचे थांबविले, तर अणूच्या व्यासाइतके अंतरसुद्धा तो आपल्या वेगाने पुढे सरकत नाही; जागच्या जागी थांबतो. त्यात पाण्याचे रेणू चोहीकडून त्याला सारखे धक्के देत असतात. दहाएक सेकंदांत त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते याचा पत्ताही उरत नाही. अशा स्थितीत सुकाणू धरून सरळ साखरेकडे जाणे त्याला शक्यच नाही.

मग तो काय करतो, हे १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राऊन यांनी पाहिले. पोहणाऱ्या एकाच जंतूच्या मागे मागे आपोआप सरकत राहील, असे एक सूक्ष्मदर्शक यंत्र बर्ग यांनी बांधले होते. त्यातून दिसले ते असे: जंतू सुमारे एक सेकंद सरळ धावतो, मग सेकंदाच्या दशांशभर गटांगळी खातो, आणि गटांगळीतून जिकडे तोंड होईल तिकडे पुन्हा धावतो. नवी दिशा बहुतांशी दैवाधीन. परंतु धाव साखरेच्या दिशेने पडली, तर गटांगळी लांबणीवर पडते आणि धाव लांबते. एवढ्या एका युक्तीवर त्याचा सारा प्रवास चालतो. वाट चुकलेला माणूस जसा थोडे चालून अंदाज घेतो आणि खूण पटली तर तसाच पुढे जातो, तसेच हे आहे. फरक इतकाच की, जंतूला मागची चव आणि आताची चव यांची तुलना तीन-चार सेकंदांच्या स्मरणशक्तीवर भागवावी लागते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत आणखी एक आश्चर्य उघडकीस आले. जंतूच्या अंगावर जे लांब शेपटीसारखे तंतू असतात, ते चाबकासारखे वळवळत नसून चक्क फिरतात. प्रत्येक तंतूच्या मुळाशी एक चक्र आहे आणि ते सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेऊ शकते. सर्व चक्रे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असली, म्हणजे तंतूंची एक जुडी होते व जंतू सरळ धावतो. चक्रे काट्यांच्या दिशेने फिरू लागली, की जुडी उसकटते आणि गटांगळी होते.

आता खरा पेच असा. चव ओळखणारी प्रथिने बहुधा जंतूच्या एका टोकाशी घोळक्याने असतात. चक्रे अंगभर विखुरलेली. मध्ये तार नाही, मज्जातंतू नाही. टोकाशी लागलेल्या चवीची वार्ता चक्रापर्यंत नेतो कोण?

नेणारा सापडला तो जंतूंच्या वेडेपणातून. ज्यांना पोहता येते पण माग काढता येत नाही, असे बिघडलेले जंतू अ‍ॅडलर यांच्या व इतरांच्या प्रयोगशाळांत जमविले गेले होते. त्यांच्या जनुकांना ‘चे’ हे आद्याक्षर देऊन पुढे ए, बी, आर, डब्ल्यू, वाय, झेड अशी अक्षरे जोडण्यात आली. नामकरणात कल्पकता फारशी दिसत नाही, पण निरीक्षण मार्मिक होते. ‘चे-वाय’ हे प्रथिन ज्या जंतूत नसते, तो कधी गटांगळी खातच नाही. मूर्खासारखा सरळ धावत सुटतो. ‘चे-झेड’ नसलेला जंतू उलट गटांगळ्यांतच रमतो. १९८८ मध्ये मेल्विन सायमन यांच्या प्रयोगशाळेत या कोड्याची रासायनिक बाजू उलगडली. ‘चे-ए’ हे प्रथिन चव ओळखणाऱ्या प्रथिनांच्या सान्निध्यात असते. भोवती साखर नसली, की ते आपल्याच एका हिस्टिडिनवर फॉस्फेटचा गट चढविते. तो गट मग चे-वायकडे जातो. गट घेतलेला चे-वाय पेशीतल्या पेशीत वाहत जाऊन चक्राला चिकटतो आणि चक्राची दिशा उलटते. साखर लागली, की चे-ए थंडावते, निरोपे निघत नाहीत आणि धाव चालू राहते. निरोप असा काय तो एकच: ‘इथे काही नाही, वळ.’

पण निरोप नुसता पोहोचून भागत नाही, तो वेळेवर पुसलाही गेला पाहिजे. गेल्या सेकंदाची बातमी या सेकंदाला उपयोगी नाही. म्हणून चे-वायवरचा फॉस्फेट फार काळ टिकत नाही. परीक्षानळीत त्याचे आयुष्य वीस-तीस सेकंदांच्या घरात असते. पेशीत तर चे-झेड त्याला सेकंदाच्या अंशातच उडवून लावते.

एवढे कळल्यावर पुढची जिज्ञासा स्वाभाविक होती. फॉस्फेटचा एवढासा गट चढल्याने या प्रथिनात असा काय पालट होतो की चक्राने त्याला ओळखावे? त्यासाठी प्रथिनाचे रूप अणुगणिक पाहावयास हवे होते, आणि ते पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्फटिक.

स्फटिक कसा होतो हे घरोघरी ठाऊक आहे. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडला, की दाट पाकातील साखरेचे रेणू एकाशेजारी एक शिस्तीने बसू लागतात. प्रथिनांचेही तसेच; परंतु साखरेच्या रेणूत पाऊणशेहून कमी अणू असतात आणि प्रथिनात हजारो, तेही ओबडधोबड आकारात गुंडाळलेले. म्हणून त्यांची मनधरणी फार करावी लागते. प्रथिनाचा एक थेंब काचेच्या झाकणाला उलटा टांगतात, खाली क्षारांचे तीव्र द्रावण ठेवतात आणि डबी बंद करतात. थेंबातील पाणी हळूहळू खालच्या द्रावणाकडे ओढले जाते. नशीब असेल तर काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, मिठाच्या बारीक खड्याएवढा स्फटिक दिसू लागतो. नशीब नसेल, तर नुसता साका. आम्लता थोडी बदलून, क्षार थोडा कमी करून असे शेकडो थेंब लावावे लागतात. या कामात बुद्धीपेक्षा चिकाटीचे महत्त्व अधिक, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडला, की रेणूंच्या शिस्तबद्ध रांगांमुळे किरण ठराविक दिशांनी विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. ही गोष्ट माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेतून १९१२ मध्ये सिद्ध झाली आणि ब्रॅग पितापुत्रांनी तिचे शास्त्र बनविले. ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते. पण ती लहर चढतीत होती की उतरतीत, हे ठिपका सांगत नाही. गाण्यातील स्वर ऐकू यावेत पण कोणता आधी व कोणता नंतर ते कळू नये, तशी ही अडचण. प्रथिनांच्या बाबतीत ती मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ च्या सुमारास सोडविली. स्फटिकात पाऱ्यासारख्या जड धातूचे अणू मुरवून नक्षीत पडलेल्या फरकावरून त्यांनी हरवलेला दुवा मिळविला. पेरुट्झ व जॉन केंड्र्यू यांना याच कार्याबद्दल १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका भारतीय कामाचाही इथे उल्लेख केला पाहिजे. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, याचा एक नकाशा तयार केला. जगात कोठेही प्रथिनाची नवी रचना निघो, ती आजही या नकाशावर पारखून घेतली जाते.

चे-वायची पहिली रचना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रिन्स्टन येथे अ‍ॅन स्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला जंतूतील चे-वायचा स्फटिक वापरला होता. दोन वर्षांनी कार्ल व्होल्झ व फिलिप मात्सुमुरा यांनी एश्चेरिशिया कोलायमधील चे-वायचे चित्र १.७ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने मिळविले. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश. एवढ्या बारकाईला शेजारशेजारचे अणू जवळजवळ वेगळे ओळखू येतात.

दिसले ते रूप मोठे आटोपशीर होते. अवघ्या १२८ अमिनो आम्लांची साखळी. मध्यभागी पाच सरळ पट्ट्या शेजारी शेजारी विणलेल्या, जणू एक पिळदार चटई. तिच्या एका अंगास दोन आणि दुसऱ्या अंगास तीन अशी पाच मळसूत्री वेटोळी. चटईच्या वरच्या काठाशी एक खळगा आहे आणि त्यात तीन अ‍ॅस्पार्टिक आम्ले तोंडाशी तोंड लावून बसली आहेत. साखळीत त्यांचे क्रमांक १२, १३ व ५७. फॉस्फेट चढतो तो सत्तावन्नाव्यावर. उरलेली दोन मॅग्नेशियमचा अणू धरून ठेवतात, कारण त्याच्यावाचून हा व्यवहार होत नाही. जवळच १०९ व्या जागी लायसिन, ८७ व्या जागी थ्रिओनिन आणि खळग्यापासून जरा दूर, पृष्ठभागावर, १०६ व्या जागी टायरोसिन. या शेवटच्या दोघांकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे. पुढील गोष्टीत खरी भूमिका त्यांची आहे.

रचना हाती आली, तसा तिच्यातील उणेपणाही ध्यानात आला. हा चे-वाय निरोप घेतलेला नव्हता, रिकामा होता. दुसरे काही असणे शक्यही नव्हते. स्फटिक वाढावयास दिवस लागतात आणि फॉस्फेट अर्ध्या मिनिटात गळून पडतो. निरोप्या दारात उभा असताना त्याचे चित्र काढावयाचे, पण चित्रकाराला रंग कालवण्यासच आठवडा हवा, अशातला हा प्रकार. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा खटाटोप मांडला होता, तीच स्फटिकात सापडत नव्हती.

मग आडवाटा शोधल्या गेल्या. तेराव्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी लायसिन घातले, तर चे-वाय फॉस्फेटवाचूनच चक्र उलटवितो, असे आढळले होते. सदैव जागा असलेला हा निरोप्या मोठ्या आशेने स्फटिकात घातला गेला. १९९७ मध्ये त्याची रचना निघाली, आणि ती निद्रिस्त चे-वायहून फारशी निराळी दिसली नाही! जंतूच्या पोटात जो जागा, तो स्फटिकात निजलेला. ही निराशा बोलकी होती. स्फटिकातील प्रथिन मृत नसते. त्याच्या भोवती निम्म्याच्या आसपास पाणीच असते आणि काही प्रथिने तर स्फटिकातही आपले काम करतात. तरीसुद्धा रांगेतील शेजारी त्याला दाबून धरतात, आणि दोन रूपांपैकी जे रूप रांगेत नीट बसते तेच चित्रात येते. स्फटिकाचे चित्र खोटे नसते, पण ते एका क्षणाचे व एका जागेचे असते, हा धडा शास्त्रज्ञांना असा स्वखर्चाने मिळाला. त्याच वर्षी आणखी काही बदललेल्या चे-वायच्या रचना निघाल्या आणि १०६ व्या टायरोसिनची हालचाल जागृतीशी निगडित असावी, असा संशय बळावला. पुराव्याला मात्र अजून अवकाश होता.

पुरावा मिळाला एका विषारी धातूच्या कृपेने. बेरिलियम हा धातू फुफ्फुसांना घातक आहे. परंतु त्याच्या अणूला फ्लोरीनचे तीन अणू जोडले, म्हणजे जो गट होतो तो अ‍ॅस्पार्टिक आम्लाला चिकटल्यावर आकाराने व मापाने हुबेहूब फॉस्फेटसारखा दिसतो, आणि मुख्य म्हणजे गळून पडत नाही. प्रथिन त्याला फसते. १९९९ मध्ये बर्कले येथे सिडनी कुस्टू, डेव्हिड वेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, चे-वायच्या जातीची अनेक प्रथिने या तोतया फॉस्फेटने जागी होतात. आता स्फटिकाला हवा तेवढा वेळ देता येत होता. २००१ मध्ये जागृत चे-वायची रचना प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी चक्रावरील ‘फ्लाय-एम’ या प्रथिनाचा सोळा अमिनो आम्लांचा तुकडा धरून बसलेल्या चे-वायचीही.

पालट केवढा झाला होता? पाहणाऱ्याला प्रथम काही दिसू नये इतका थोडा. चटई तीच, वेटोळी तीच. परंतु सत्तावन्नावर तोतया येताच सत्त्याऐंशीवा थ्रिओनिन त्याच्याकडे ओढला गेला होता, काही अँगस्ट्रॉमच. तो सरकल्याने त्याच्या मागे एक पोकळी पडली, आणि पृष्ठभागावर बाहेर लोंबणारा टायरोसिनचा हात वळून त्या पोकळीत जाऊन बसला. हात आत गेला, की बाहेरच्या अंगाला खाच मोकळी होते. त्याच खाचेत फ्लाय-एमचा तुकडा नेमका बसतो. वाड्याच्या दिंडीची खिटी आत ओढली, की बाहेरची फळी सुटावी, असेच हे आहे. फॉस्फेट चढतो एकीकडे, दार उघडते दुसरीकडे, आणि मध्ये फक्त दोन अमिनो आम्लांची देवघेव.

निरोप पुसला कसा जातो, हे पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, चे-वाय व चे-झेड यांच्या एकत्र स्फटिकाने दाखविले. चे-झेड आपला एक ग्लुटामिनचा हात चे-वायच्या खळग्यात घालते आणि पाण्याचा एक रेणू फॉस्फेटवर प्रहार करण्याजोग्या जागी आणून उभा करते. एरवी जे पाणी वाट चुकून केव्हातरी येते, त्याला इथे बोट धरून आणले जाते.

मात्र हे खिटीचे चित्र फारच नीटनेटके आहे, अशी शंका लौकरच निघाली. २००६ मध्ये कॉलिन डायर व फ्रेडरिक डालक्विस्ट यांनी फॉस्फेट मुळीच न चढलेला चे-वाय फ्लाय-एमच्या तुकड्यासह स्फटिकात पकडला. तो धड निजलेला नव्हता, धड जागाही नव्हता. मधल्याच कुठल्या तरी अवस्थेत होता. यावरून असे दिसते की, रिकामा चे-वायही मधूनमधून जागेपणाचे रूप घेत असतो. फॉस्फेट त्याला नवे रूप देत नाही, असलेल्या रूपांपैकी एकाकडे त्याचा तोल झुकवितो. या मताकडे पुष्कळांचा कल आहे.

एका जंतूच्या एका प्रथिनासाठी इतका प्रपंच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रुग्णालयांत आहे. चे-ए व चे-वाय ही जोडी एकटी नाही. एका प्रथिनाने हिस्टिडिनवर फॉस्फेट चढवावा आणि दुसऱ्याने तो अ‍ॅस्पार्टिक आम्लावर घ्यावा, अशा तीसच्या आसपास जोड्या एकट्या एश्चेरिशिया कोलायमध्ये आहेत. जंतुसृष्टीत बाहेरची खबर आत नेण्याची ही सर्रास रीत आहे. वनस्पतींत व बुरशीत ती आढळते. प्राण्यांत मात्र, आणि म्हणून माणसांत, आढळत नाही. व्हँकोमायसिन या शेवटच्या फळीतील औषधाला काही जंतू दाद देत नाहीत, ते अशाच एका जोडीच्या जोरावर: औषध आल्याची वर्दी पोहोचताच ते आपल्या भिंतीची घडणच बदलून टाकतात. जठरव्रणाला कारण होणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूतील चे-वाय काढून टाकला, तर त्याला उंदराच्या जठरात वस्ती करता येत नाही, असे २००० मध्ये दिसून आले. जंतूंचा टपाल-विभाग बंद पाडणारे औषध माणसाच्या कोणत्याही प्रथिनाला धक्का लावणार नाही, ही आशा यातूनच उपजली. तसे औषध अद्याप रुग्णाच्या हाती आलेले नाही. खळगा सर्व जोड्यांत जवळजवळ सारखा, फार लहान आणि विद्युत्भाराने गच्च. त्यात टिकून बसेल आणि पेशीच्या भिंतीतूनही शिरेल असे रसायन घडविणे कठीण ठरले आहे.

राहता राहिला तो चक्राचा प्रश्न. निरोप्या दारात आल्यावर घरात काय होते, हे चे-वायच्या स्फटिकांतून कळण्यासारखे नव्हते. चक्राच्या कड्यावर फ्लाय-एमचे चौतीसच्या आसपास रेणू गोलाकार बसलेले असतात. २००० मध्ये फिलिप क्लुझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका जंतूत मोजून दाखविले की, जागृत चे-वायचे प्रमाण थोडेसे वाढले, तरी चक्र जवळजवळ सर्वस्वी उलट फिरू लागते. कड्याने सगळे मिळून एकदम निर्णय घ्यावा, तसे. हे कसे घडते, त्याचा उलगडा २०२० नंतर गोठविलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी चित्रांनी होऊ लागला. मोठ्या कड्याला फिरविणारी लहान चाके त्याच्या भोवती पेशीच्या आवरणात रोवलेली असतात, आणि ती सदैव एकाच दिशेने फिरतात. एरवी ती कड्याला बाहेरच्या अंगाने भिडतात. म्हणून कडे उलट दिशेने फिरते. चे-वाय येऊन चिकटला, की कडे किंचित फाकते, त्याच चाकांना ते आतल्या अंगाने भिडू लागते, आणि चाकांनी आपली दिशा न बदलताही कडे त्यांच्याच दिशेने फिरू लागते. तंतूंची जुडी उसकटते, जंतू गटांगळी खातो, चे-झेड फॉस्फेट काढून घेते, आणि टायरोसिनचा हात पुन्हा बाहेर येतो.